जड धातू जड असतात म्हणून खाली जात नाहीत

"शिसं एवढं जड, मग पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत खोल खोल जात असणारच ना?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. शिशाची घनता पाण्याच्या 11 पट आहे हे बरोबर, पण एकदा विरघळून त्याचा आयन (चार्ज असलेला अणू) झाला की मातीत त्याचं वजन कोणी विचारत नाही, विचारला जातो तो चार्ज. शिशाच्या आयनवर धन 2 चार्ज, चिकणमातीच्या कणांवर ऋण, झालं, चिकटला. शिसंवालं पेट्रोल शेवटी 2021 मध्ये अल्जेरियात बंद झालं, पण रस्त्याकडेला कितीतरी दशकांपूर्वी पडलेलं शिसं आजही बहुतेक ठिकाणी वरच्या थोड्या इंचांतच सापडतं.

आता ही पकड सगळीकडे सारखी नसते. चिकणमातीवरची पकड नुसत्या चार्जची, सैल, कॅल्शियमसारखा दुसरा आयन भरपूर आला की आधीचा उठतो. मातीतल्या लोखंडाच्या गंजावरची (म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडवरची) पकड मात्र घट्ट, कारण तिथे धातू गंजातल्या ऑक्सिजनशी थेट रासायनिक बंध करतो. शिसं असं घट्ट बसतं, कॅडमियम हा दुसरा जड धातू त्यामानाने सुटा. त्यात माती आम्ल झाली तर हायड्रोजनचे आयन त्याच जागांसाठी भांडतात, आणि पीएच 1 ने उतरला म्हणजे ते 10 पट झाले, म्हणून आम्ल जमिनीत कॅडमियम पटकन पाण्यात येतं आणि म्हणूनच चुना टाकतात.

पण मला खरं वेड लावतो तो भाताच्या खाचरातला खेळ. पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन लवकरच संपतो, पण जिवाणूंना श्वास तर घ्यायचाय, म्हणजे इलेक्ट्रॉन कुणाला तरी द्यायचेत, मग ते आधी नायट्रेटला देतात, मग मँगनीजला, मग गंजातल्या लोखंडाला. लोखंडाचा चार्ज धन 3 वरून धन 2 वर येतो आणि ते विरघळतं. त्या गंजावर आर्सेनिक बसलेलं असतं, बसायची जागाच गेल्यावर ते पाण्यात येतं, वर त्याचं आर्सेनाइट (आर्सेनिकचं ऑक्सिजन कमी असलेलं रूप) होतं, जे भाताची मुळं सिलिकॉनच्या वाटेने आत घेतात! आणि त्याच चिखलात जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, कॅडमियम त्याच्याशी जुळून न विरघळणारा साका होऊन बसतं. म्हणजे पाणी भरलं की आर्सेनिक पाण्यात, कॅडमियम साक्यात, आणि पाणी काढलं की सगळं उलटं, सल्फाइडला हवा लागते, कॅडमियम सुटतं, गंज पुन्हा तयार होऊन आर्सेनिक धरतो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातातून माणसांत गेलं, हाडं ठिसूळ झाली, 1968 मध्ये सरकारने इताई-इताई हा प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात तर कारखानाही लागला नाही, नदीनेच आणलेल्या गाळातला गंज जमिनीखाली विरघळला आणि आर्सेनिक ट्यूबवेलच्या पाण्यात उतरलं.

म्हणूनच माती तपासणीच्या रिपोर्टमधला "एकूण इतकं मिलिग्रॅम" हा आकडा अपुरा. टेसिए या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये एकामागून एक तीव्र रसायनं वापरून धातू 5 भागांत मोजायची पद्धत दिली: सहज बदलता येणारा, कार्बोनेटमधला, लोखंड-मँगनीजच्या ऑक्साइडवरचा, सेंद्रिय पदार्थ नि सल्फाइडमधला, आणि खनिजाच्या आत अडकलेला. पहिला भाग आज पिकात जाऊ शकतो, शेवटचा जवळजवळ हलतच नाही.

आणि "जमीन डिटॉक्स करणारे जिवाणू" म्हणून पावडरी विकतात, त्यांच्यापासून कृपया सावध राहा. कीटकनाशकाचा रेणू जिवाणू तोडू शकतात, शिसं हे मूलद्रव्य आहे, ते तुटत नाही, फक्त रूप बदलतं नाहीतर जागा बदलतं. रूप बदलायचा खरा उपाय म्हणजे फॉस्फेट, शिशाबरोबर त्याचं पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज होतं जे जवळपास विरघळतच नाही. पण त्याच मातीत आर्सेनिकही असेल तर थांबा, कारण फॉस्फेट आणि आर्सेनेट (हवेशीर मातीतलं आर्सेनिकचं रूप) दिसायला भावंडंच, फॉस्फेट गंजावरच्या आर्सेनेटच्या जागा घेतं आणि ते पाण्यात सोडून देतं.