पदकासाठी फोटो देण्यापूर्वी एवढं वाचा

ब्राँझचं ओतीव पदक करून घ्यायला येणारे बहुतेक जण समोरून काढलेला फोटो आणतात. पासपोर्टचा, नाहीतर सत्काराचा, शाल-श्रीफळासकट. आम्ही बाजूने काढलेला मागतो आणि तिथेच काम अडतं, कारण पंचाहत्तरी तोंडावर आलेली असते आणि घरात तसा फोटो सापडत नाही.

ही आमची लहर नव्हे. पदकावरचा उठाव काही मिलिमीटरचाच असतो. चेहरा समोरून घेतला तर नाकाला पुढे यायला जागा उरत नाही. ते चपटं होतं आणि मग घरचेच म्हणतात, ‘हे आमचे अण्णा वाटत नाहीत.’ बाजूने घेतलं की कपाळ, नाक, हनुवटी अशी एकच रेषा अख्खा माणूस उभा करते. रोमन नाण्यांवर हेच दिसतं, आणि पंधराव्या शतकात इटलीतल्या कलाकारांनी तेच उचललं. बायझंटाइन सम्राट आठवा जॉन १४३८ मध्ये चर्चच्या परिषदेसाठी फेराराला आला. पिझानेल्लो या चित्रकाराने त्याचं जे पदक केलं, ते या प्रकारातलं पहिलं मानतात. उंच टोकदार टोपी, टोकदार दाढी, चेहरा बाजूने. एकदा पाहिला की विसरत नाही.

व्यक्ती हयात असेल तर खिडकीशेजारी बसवून, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढा. चष्मा नेहमी असेल तर राहू द्या. हयात नसेल तर लग्नाचा अल्बम उघडा. हार घालताना दोघंही एकमेकांकडे बघत असतात, तिथे बाजूचा चेहरा बहुधा मिळतो. वय आम्ही मेणाच्या नमुन्यात वाढवून घेतो. त्यासाठी तुमच्याकडचा त्यांचा समोरचा फोटो लागतो, तोही आणा.

मागच्या बाजूला पदव्या, पुरस्कार, नातवंडांची नावं सगळं बसवा असा आग्रह असतो. पिझानेल्लोने १४४७ मध्ये चेचीलिया गोंझागाचं पदक केलं. ही मुलगी ठरवलेलं लग्न नाकारून मठात गेली होती. नाव आणि वडिलांचं नाव पुढच्या बाजूला; मागे चंद्रकोरीखाली बसलेली कुमारिका आणि तिच्यापाशी शांत पहुडलेला एकशिंगी प्राणी, जो फक्त कुमारिकेलाच वश होतो अशी समजूत. मागे अक्षरं फक्त कलाकाराची सही आणि साल. तुमच्या माणसाचं एखादं चिन्ह सुचवा: तंबोरा, नांगर, शाळेची घंटा, काहीही. सुचत नसेल तर बसून बोलू, त्याचे पैसे घेत नाही.

नगांची संख्या मात्र आधीच ठरवा. वर्षभराने पदक आणून ‘यावरूनच आणखी पाच ओता’ म्हणू नका. ब्राँझ थंड होताना आक्रसतं, त्यामुळे पदकावरून साचा घेतला की नवं किंचित लहान आणि बोथट उतरतं. जुन्या पदकांच्या मागाहूनच्या नकला जाणकार याच खुणांनी ओळखतात. इटलीतले सरदार मुळातच अनेक नग काढून मित्रांना, दरबारांना वाटत. रिमिनीच्या सिजिस्मोन्दो मालातेस्ताने तर आपल्या इमारतींच्या भिंतींतही पदकं पुरली. त्यामुळे बांधकाम चालू असेल तर एखादा नग जास्त सांगा. पहिल्या नगानंतरचे नग बरेच स्वस्त पडतात.