भेगेत काय भरावे: पुट्टी की पीओपी?

दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही पाण्यात कालवायच्या आणि पत्र्याने भेगेत दाबायच्या. म्हणूनच व्हाइट सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी, सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक दोघांची घट्ट होण्याची रीत निराळी आहे आणि जुन्या गिलाव्यातली दुरुस्ती किती टिकेल, हे बरेचसे त्यावरच ठरते.

जिप्सम हे खनिज सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवून त्यातले बरेचसे पाणी उडवले की पीओपी तयार होते. त्यात पाणी मिसळताच ते पुन्हा जिप्सम होऊ लागते, साधारण 10 ते 20 मिनिटांत आवळते आणि त्या वेळी आकसण्याऐवजी किंचित फुगते, त्यामुळे खोल भेग एका दमात भरली तरी कडेला फट उरत नाही. मात्र जिप्सम पाण्यात थोडेफार विरघळत असल्याने ओल धरणाऱ्या भिंतीत ते मऊ पडते; शिवाय ओलसर सिमेंटशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन भरलेला भाग उखडू शकतो. आवळू लागलेले पीओपी पाणी घालून सैल करण्याचा मोह अनेकांना होतो, पण असे मिश्रण पुढे भुसभुशीतच राहते. तेव्हा लागेल तेवढेच कालवावे.

पुट्टीत व्हाइट सिमेंट, बारीक खनिज पूड आणि पॉलिमर असते. ती सावकाश घट्ट होते आणि ओलाव्यात पीओपीपेक्षा चांगली टिकते, पण सुकताना आकसते. खोल भेगेत एकदम कोंबलेली पुट्टी मधोमध पुन्हा चिरते आणि दोष उगाच भिंतीला दिला जातो. केसासारख्या भेगांसाठी मात्र मी पुट्टीच निवडेन.

पूर्वतयारी दोन्हींची सारखीच: भेग टोकदार पत्र्याने जराशी रुंद करावी, सुटा गिलावा व धूळ काढावी आणि कडा ओलसर कराव्यात, कारण कोरडा जुना गिलावा मिश्रणातले पाणी ओढून घेतो. टिचकी मारल्यावर भोवतालचा गिलावा पोकळ वाजला, तर तो काढून नव्याने करण्यावाचून गत्यंतर नाही.

भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून काही महिने पाहावे. भेग खुणेच्या पुढे सरकली, तर हे दोन्ही कडक पदार्थ पुन्हा तडकतील. तिथे लवचीक ॲक्रिलिक फिलर बरा, आणि ती रुंदही होत असेल, तर आधी इमारतीच्या जाणकाराला दाखवावी.