उसण गेल्यावरचे काम

कमरेत उसण भरली की घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दोन सल्ले हमखास मिळतात : आठ दिवस अंथरुणावरून हलू नकोस, आणि एखादा पायाळू माणूस शोधून त्याची लाथ कमरेला लावून घे. लाथेची कीर्ती आजवर टिकली आहे, कारण तीव्र कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच ओसरते आणि श्रेय पायाळू माणसाला मिळते. झोपून राहण्याचा सल्ला मात्र शास्त्रीय वाटतो, म्हणून तो अधिक नुकसान करतो. हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवरील एका चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अंथरुणावर विश्रांती घेणारे सर्वांत सावकाश बरे झाले, तर सोसेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे सर्वांत लवकर. कमरेचे खास व्यायाम करणाऱ्यांनाही या दुसऱ्या गटावर मात करता आली नाही.

मग व्यायाम कशासाठी? उसण परत येऊ नये यासाठी, आणि त्याचे एक कारण पाठीच्या आतल्या थरात सापडते.

आपला कणा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांतील कमरेचे मणके अस्थिबंधांसह, परंतु स्नायू काढून तपासले, तेव्हा जेमतेम नऊ किलो भाराखाली ती रचना वाकून कोलमडली. जिवंतपणी हाच भाग धडाचे सारे वजन पेलतो, ते भोवतीच्या स्नायूंच्या ताणामुळे. त्यांपैकी मल्टिफिडस हा स्नायू मणक्यांना अगदी लगटून असतो; त्याच्या आखूड जुड्या एका मणक्याच्या मागच्या टोकापासून निघून खालच्या काही मणक्यांना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक सांध्याची हालचाल आवाक्यात ठेवतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात जुली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचा हा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला. ज्या बाजूला दुखत होते, त्याच बाजूला आणि बहुधा एकाच मणक्याच्या पातळीवर तो बारीक झालेला आढळला. दुखावलेल्या भागातून येणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच त्या स्नायूची चेतना दाबून टाकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. खरी मेख पुढे आहे. चार आठवड्यांत जवळजवळ सर्वांचे दुखणे थांबले, पण स्नायू मात्र आपोआप भरून आला नाही. ज्यांच्याकडून तो हळुवार आवळण्याचा सराव करून घेतला होता, त्यांच्यातच तो पूर्ववत झाला. वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, तर न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना कंबरदुखीने पुन्हा गाठले. रुग्ण अवघे ३९ होते, त्यामुळे या टक्केवारीवर फार भार टाकू नये. तरीही दुखणे थांबणे आणि कंबर सुधारणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे यातून स्पष्ट दिसते.

या संशोधनावर पुढे ‘कोअर’, म्हणजे धडाच्या आतल्या स्नायूंच्या, व्यायामांचा मोठा बाजार उभा राहिला. प्रत्यक्षात, जुनाट कंबरदुखीत हे खास व्यायाम इतर व्यायामांहून फारसे सरस ठरलेले नाहीत. दोन्ही हात व गुडघे जमिनीवर टेकून उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय आडवे लांबवण्याच्या साध्या व्यायामातही मल्टिफिडसला काम मिळते. नुसते चालणेही उपयोगी पडते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला लावले. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास, हे उद्दिष्ट सहा महिन्यांत गाठायचे होते. दुखणे उलटण्यापूर्वीचा मध्यक काळ (ज्यात निम्म्यांचे दुखणे उलटले तो) चालणाऱ्यांत २०८ दिवस, तर इतरांत ११२ दिवस होता.

पायातली शक्ती कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.