दुरावलेले प्रेमिक पुन्हा भेटतात तेव्हा : शृंगारिक प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकांविषयी सभासदांसाठी माहितीपत्रक

धरमपेठेतील आमच्या छोट्या वाचनालयात अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांची मागणी वाढली आहे. एकेकाळी एकमेकांवर जीव टाकणारे आणि पुढे मन मोडून वेगळे झालेले दोघे काही वर्षांनी समोरासमोर येतात, त्यांच्या नात्याची कथा दोन, तीन किंवा अधिक भागांत उलगडत जाते, आणि त्या ओघात शरीरसंबंधांची वर्णनेही आडपडदा न ठेवता येतात, असा या मालिकांचा सर्वसाधारण घाट आहे. पुस्तक घेताना काउंटरवर उभे राहून याविषयी सविस्तर विचारणे अनेक सभासदांना अवघड वाटते, आणि मागे ओळखीचे कोणी उभे असेल तर प्रश्न मनातच राहतो. त्यासाठी हे पत्रक छापले आहे. ते १८ वर्षे पूर्ण केलेल्या सभासदांसाठीच आहे.

या मालिकांत काय असते

इंग्रजी प्रकाशनव्यवहारात या कथाप्रकाराला ‘सेकंड चान्स रोमान्स’ म्हणतात. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेली मिल्स अँड बून ही संस्था आणि तिला १९७१ साली विकत घेणारी कॅनडातील हार्लेक्विन यांनी प्रेमकादंबरीचा जो साचा रूढ केला, त्यात दोन अटी पक्क्या आहेत : प्रेमकथा हाच कथेचा कणा असावा आणि शेवट आशादायक असावा. वाचक या शेवटाला ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ म्हणतात. लग्नापर्यंत गोष्ट न जाता दोघे तूर्त सुखाने एकत्र असतील, तर त्याला ‘हॅपी फॉर नाऊ’ म्हणतात. शृंगारिक प्रेमकादंबरी या दोन्ही अटी पाळते आणि तिसरी स्वतःवर घालून घेते, ती अशी की जवळिकीचे प्रसंग वगळले तर कथाच उभी राहू नये. निव्वळ कामवर्णनाच्या पुस्तकांत नात्याचा शेवट कसाही झाला तरी चालतो, येथे तो चालत नाही. छापील पुस्तकांनी फार काळ हात आखडता घेतलेला हा प्रकार २००० सालानंतर ई-पुस्तकांमुळे फोफावला.

मालिका दोन जातींच्या असतात. एका जातीत एकच जोडी सर्व भागांत चालते. पहिल्या भागाच्या शेवटी ताटातूट होते किंवा जुने गुपित फुटते आणि वाचकाला पुढचा भाग हाती घ्यावाच लागतो. अशा मालिकेचा मधला भाग एकटा घरी नेऊ नये, अर्धे संदर्भ लागत नाहीत. दुसऱ्या जातीत एखादे कुटुंब, मित्रमंडळ किंवा लहानसे गाव हे समान सूत्र असते आणि दर भागात त्यातील नवी जोडी येते. या मालिका कोणत्याही क्रमाने वाचता येतात, मात्र आधीच्या जोडप्याचे पुढे काय झाले ते नंतरच्या भागात सहज कळून जाते. (अमेरिकेतील लहान गावी परतून बेकरी काढणाऱ्या नायिका या पुस्तकांत इतक्या भेटतात की त्या गावांतील लोक पावाशिवाय दुसरे काही खात असतील की नाही, असा प्रश्न पडतो.) दोघांच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगणारी छोटी पूर्वकथाही पुष्कळदा वेगळी निघते. तिच्यावर ‘शून्य’ क्रमांक असला तरी ती पहिल्या भागानंतर वाचावी असे आमचे मत आहे, कारण ताटातूट का झाली हे आधीच समजले तर पहिल्या भागातील ताण नाहीसा होतो.

बहुतेक ठिकाणी एक प्रकरण तिच्या तोंडून आणि एक त्याच्या तोंडून येते, तर काही लेखिका ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन काळ आळीपाळीने मांडतात. प्रकरणाच्या माथ्यावरील नाव किंवा साल वाचण्याची सवय ठेवली तर गोंधळ होत नाही.

पुन्हा भेटण्याआधी काय घडावे लागते

कोणती मालिका चांगली, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. आमची कसोटी अशी आहे की दोघे एकमेकांना परत मिळतात यापेक्षा दुराव्याच्या काळात प्रत्येकाला स्वतःचा ठाव लागतो की नाही, हे पाहावे.

ही कसोटी आपल्या विदर्भाला नवी नाही. रामटेक म्हणजेच रामगिरी असे नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. त्या रामगिरीवरचा ‘मेघदूता’तील यक्ष विरहात झुरतो, पण त्याची ताटातूट कुबेराच्या शापाने झालेली आहे. एका वर्षाच्या शापाचे चार महिने उरले आहेत, ते सरले की तो घरी जाणार आहे. त्याने काही बदलण्याची गरज नाही, फक्त थांबायचे आहे. नल-दमयंतीचे तसे नाही. कलीचा प्रभाव होता हे खरे, तरी फासे नलानेच टाकले आणि झोपलेल्या दमयंतीला रानात सोडून जाणाराही तोच होता. पुढे तो विद्रूप होऊन बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो, ज्या द्यूतात सर्वस्व गेले त्याचेच मर्म ऋतुपर्णाकडून शिकतो, आणि ती विद्या हाती आल्यावरच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. दमयंती विदर्भात, कुंडिनपुरात, आपल्या माहेरी आहे. ती केवळ वाट पाहत बसत नाही. ती माणसे धाडून शोध घेते, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्याला कुंडिनपुरापर्यंत आणवते, केशिनी दासीकडून त्याची पारख करते, त्याने शिजवलेले अन्नही चाखून पाहते, आणि मगच त्याला सामोरी जाते.

आजच्या मालिकांपैकी ज्या यक्षाच्या वळणाच्या आहेत, म्हणजे एका न पोहोचलेल्या पत्रामुळे किंवा कोणा नातेवाइकाच्या कारस्थानामुळे ताटातूट झाली आणि खुलासा होताच सारे आलबेल झाले, त्या एका बैठकीत वाचून होतात आणि तितक्याच लवकर विसरल्या जातात. नल-दमयंतीच्या वळणाच्या मालिकांत वेगळे होण्याचे कारण दोघांच्या स्वभावात असते : एकाला दारूचे व्यसन असते, एकीने आपले शिक्षण त्याच्या बदल्यांसाठी सोडलेले असते, किंवा गर्भपाताचे दुःख दोघांनी एकमेकांपासून लपवलेले असते. येथे पुनर्भेटीपूर्वी दोघांचे स्वतंत्र आयुष्य दिसावे लागते. तिने एकटीने भाड्याचे घर घेतलेले असावे, तिच्या कामात तिचे नाव झालेले असावे, त्याने समुपदेशकाकडे जाऊन आपल्या रागाशी तोंड दिलेले असावे, आणि मधल्या काळात दोघांच्या आयुष्यात दुसरी माणसेही येऊन गेलेली असावीत. पहिल्यांदा परत येण्याची विनंती झाली की नायिका ‘नाही’ म्हणते, आणि तो नकार लेखिका गंभीरपणे घेते, अशी मालिका आम्ही बिनदिक्कत सुचवतो. नायकाची क्षमायाचना एका पुष्पगुच्छात आटोपत असेल, तर सुचवत नाही.

जवळिकीच्या प्रसंगांविषयी

हे प्रसंग केवळ उत्तेजनासाठी घातलेले असतात, असा समज आहे, आणि सुमार पुस्तकांबाबत तो खरा आहे. चांगल्या मालिकेत या प्रसंगांना नेमके काम असते. नव्या प्रेमिकांना एकमेकांचे शरीर अनोळखी असते. दुरावलेल्या प्रेमिकांना ते ठाऊक असते, पण त्या शरीरातील माणूस बदललेला असतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच दोघे जवळ येतात आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त दूर जातात, हे वळण जवळजवळ प्रत्येक मालिकेत आढळते. स्पर्श सोपा जातो, बोलणे अवघड जाते. पुढच्या प्रसंगांत हे हळूहळू उलटते : आता काय आवडते, काय नको, कशाची भीती वाटते, हे विचारले आणि सांगितले जाते. म्हणून केवळ तेवढीच पाने शोधून वाचणाऱ्याच्या हाती निम्मीच गोष्ट लागते. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात, बारा वर्षांनंतर मूर्च्छित रामाला अदृश्य सीतेच्या स्पर्शाने शुद्धीवर आणले आहे. राम स्पर्श ओळखतो, पण तेवढ्याने त्याने केलेल्या त्यागाचा हिशेब मिटत नाही. नाटकाला आणखी चार अंक लागतात.

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त तर वैशिक अधिकरणाचा चौथा अध्याय दुरावलेल्या प्रियकराशी पुन्हा जुळवून घेण्याविषयीच आहे. तो गणिकेच्या व्यवहाराच्या दृष्टीने लिहिलेला असल्याने त्यात धनाचा विचार मुख्य आहे, तरीही त्यातला पहिला प्रश्न आजही वाचकाने पुस्तकाला विचारावा असाच आहे : कोण कोणाला सोडून गेले, आपणहून गेले की घालवले गेले, आणि नंतर जेथे गेले तेथून का निघाले?

१९७० आणि १९८०च्या दशकांतील अनेक ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत नायकाची जबरदस्ती हीच उत्कटता म्हणून रंगवलेली आहे. अशी जुनी पुस्तके आम्ही वेगळ्या फळीवर ठेवतो आणि देताना तसे सांगतो.

पुस्तकावरील खुणा

पुस्तकाच्या कण्यावर पांढरी चिकटपट्टी असेल तर जवळिकीचा प्रसंग दाराशी थांबतो, पिवळी असेल तर वर्णन आहे पण मोजके, आणि लाल असेल तर ते सविस्तर व वारंवार आहे. याशिवाय शेवटच्या पानाआड एक चिठ्ठी असते. तिच्यात घरगुती हिंसा, गर्भपात, व्यसन, आत्महत्येचा उल्लेख, व्यभिचार यांपैकी काय कथेत येते ते लिहिलेले असते. कथा आधी कळू नये असे वाटत असेल त्यांनी ती चिठ्ठी उघडू नये. ज्यांचे स्वतःचे नाते नुकतेच तुटले आहे, त्यांनी मात्र ती अवश्य पाहावी.

त्या सभासदांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. कादंबरीतील नायक नकारानंतरही दाराशी उभा राहतो आणि लेखिका त्याचे गोड फळ देते. प्रत्यक्षात स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणे किंवा तिच्याशी संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. दुःख आवरत नसेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

वय आणि कायदा

लाल व पिवळ्या पट्टीची पुस्तके १८ वर्षांखालील कोणालाही दिली जात नाहीत, पालकांच्या कार्डावरही नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे २९४ आणि २९५ अश्लील साहित्याच्या विक्रीविषयी आहेत, आणि त्यांपैकी दुसरे बालकांना असे साहित्य देण्याविषयी आहे. अमुक पुस्तकात शृंगार आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेवर झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. २०१४ साली त्याच न्यायालयाने सुटा तुकडा न पाहता संपूर्ण कृती आणि समकालीन समाजाची धारणा पाहावी असे सांगितले. पुस्तके निवडताना आम्ही हीच दृष्टी ठेवतो.

देवघेव

सर्व पुस्तकांना खाकी वेष्टन घातलेले असते आणि नोंदवहीत शीर्षकाऐवजी क्रमांक लिहिला जातो. घरपोच सेवेत पाकीट सभासदाच्याच हाती दिले जाते. घरी दुसरे कोणी असल्यास ते परत आणले जाते. पुस्तक तयार असल्याच्या निरोपातही शीर्षक नसते. कोणी काय वाचले याची विचारणा घरच्यांनी केली तरी आम्ही उत्तर देत नाही.

एकाच जोडीच्या मालिकेचे दोन भाग एका वेळी नेता येतात, त्यासाठी एका पुस्तकाचीच अनामत घेतली जाते. पुढचा भाग दुसऱ्या सभासदाकडे असल्यास नाव नोंदवून ठेवावे. तो परत येताच आठवडाभर आपल्यासाठी राखून ठेवला जातो. मराठीत या प्रकारच्या मालिका अद्याप फार थोड्या आहेत. जी पुस्तके आमच्याकडे आहेत, त्यांची यादी काउंटरवर मागितल्यास बंद पाकिटात मिळेल.