दुकान वाढवायची वेळ

आमच्या अण्णांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. संध्याकाळी त्यांची एक ठरलेली रीत असायची. आधी गल्ला मोजायचा, मग रोजमेळ लिहायचा. शिल्लक जुळली की वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं उद्याची कामं टिपायची: कुणाकडून किती यायचंय, कुठल्या गाडीत किती पोती भरायचीत. वही लाल फडक्यात बांधून कपाटात, देवाला उदबत्ती, आणि मग शटर. 'दुकान बंद केलं' असं ते कधीच म्हणाले नाहीत. म्हणायचं ते 'दुकान वाढवलं'. त्यानंतर कुणी व्यापारी घरी आला तर त्याला चहा मिळायचा, भाव मात्र मिळायचा नाही. 'उद्या पेढीवर या', एवढंच.

माझी धाकटी बहीण विश्रामबागेतल्या घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. तिचं दुकान कधी वाढतच नाही. लॅपटॉप सातला मिटतो, पण फोन ताटाशेजारी असतो. उन्हाळ्यात चार दिवस तिच्याकडे राहिले, तेव्हा एका रात्री जेवताना बघत होते. उजवा हात वरणभातात, डाव्या हाताच्या अंगठ्यानं पालथा फोन उचलून बघायचा आणि परत पालथा ठेवायचा. जेवण होईपर्यंत सात-आठ वेळा तरी. एकही मेसेज आला नाही. रात्रभर फोन वाजला नाही. तरी सकाळी उठली ती, "ताई, झोपल्यासारखं वाटतच नाही गं," म्हणतच.

फोन वाजलाच नाही, मग झोप कुणी नेली?

या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर खिशात मोबाईल येण्याच्या आधीचं आहे. १९८८ मध्ये टॉर्सवाल आणि ऑकरस्टेट या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी जहाजांवरच्या इंजिनियरांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही रात्री या लोकांवर जबाबदारी असे, की इंजिनरूमचा अलार्म वाजला तर उठून धावायचं. काही रात्री मोकळ्या. दोन्ही प्रकारच्या रात्री त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदल्या. जबाबदारीच्या रात्री गाढ झोप कमी भरली आणि हृदयाचे ठोके जास्त पडले. अलार्म वाजून उठावं लागलं तर झोप बिघडणारच, त्यात नवल नाही. पण अलार्म वाजण्याआधीच्या वेळेतही त्यांची झोप उथळच होती. आता बोलावणं येईल, या नुसत्या धाकानं झोपेचा गाढ भाग खाऊन टाकला होता.

गाढ झोपेत मेंदूतल्या लहरी मोठ्या आणि संथ होतात, रक्तदाब उतरतो, शरीराच्या डागडुजीला लागणारं वाढीचं संप्रेरक याच वेळी मुबलक स्रवतं. ती कमी पडली तर तास पुरे भरूनही माणूस शिणलेलाच उठतो.

सांगलीकरांना हा अनुभव नवा नाही. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की सगळा गावभाग एकच प्रश्न विचारत असतो: आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? चाळीसला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. त्या रात्री आम्ही अंथरुणावर पडत होतो, पण झोपत नव्हतो. कूस बदलली की हात फोनकडे. तो जागता पहारा योग्यच होता, त्यासाठीच तर निसर्गानं ही सोय केली आहे. संकटाची चाहूल लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं. साखर उपलब्ध होते, अंग सावध राहतं. पाणी ओसरलं की हेही ओसरायला हवं.

अडचण अशी की शरीराकडे आयर्विन पुलासारखे फुटांचे आकडे नाहीत. घरात शिरू पाहणारी कृष्णा आणि 'जरा एक फाईल बघता का?' हे दोन्ही त्याला एकाच दारानं येताना दिसतात.

जर्मनीतल्या यान डेटमर्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १३ संस्थांतले १३२ कर्मचारी होते. कामाची वेळ संपल्यावरही फोनवर हजर राहायचं असे दिवस आणि पूर्ण मोकळे दिवस, यांची दुसऱ्या दिवशीच्या सकाळशी सांगड घातली. त्यांतल्या काहींच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही मोजलं. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल चढतं, ते सगळ्यांचंच. पण हजेरीच्या दिवसांनंतर ते जास्त चढलेलं दिसलं, आणि सकाळचा मूडही उतरलेला. संशोधकांनी याचं जे एक कारण शोधलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: आपल्या मोकळ्या वेळावर आपला ताबा राहत नाही. भावे नाट्यमंदिरात तीन अंकी नाटकाचं तिकीट काढायचं, तर तीन तास आपले आहेत याची खात्री लागते. ती नसली की माणूस तिकीटच काढत नाही. घरी बसतो, आणि बसलेला वेळ सुट्टी म्हणून मोजला जातो. डेटमर्स यांनी स्पष्टच लिहिलं आहे, की अशा वेळेला फुरसत म्हणता येणार नाही.

सगळा दोष स्क्रीनच्या निळ्या उजेडाला देणं मला पटत नाही. दिवस-रात्र ओळखणाऱ्या खास प्रकाशसंवेदी पेशी डोळ्याच्या पडद्यात आहेत, हे २००२ मध्ये दिसलं आणि निळ्या उजेडाला त्या जास्त दाद देतात, हे खरं. पण १२ जणांवरच्या एका काटेकोर प्रयोगात, झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचूनही झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटंच उशीर झाला. बहिणीच्या फोनचा पडदा रात्री पिवळा होतो. साहेबाचा मेसेज पिवळ्या पडद्यावरही साहेबाचाच असतो.

अण्णांच्या पेन्सिलीकडे परत येते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. निजण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. मला वाटलं असतं, उद्याचं लिहिणाऱ्यांची काळजी वाढेल. झालं उलटं: त्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी नेमकी त्यांना आणखी लवकर. त्याआधी २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी दाखवलं होतं, की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा पक्का बेत केला तरी टोचणी थांबते. काम पुरं व्हावं लागत नाही. रोजमेळाच्या शेवटच्या पानाचं काम तेच होतं. 'अमक्याला सकाळी दहाला फोन' असं लिहून ठेवलं, की तो अमका रात्री अण्णांच्या ताटावर येऊन बसत नसे.

पण पेन्सिल एकट्याच्या हातात असते आणि बोलावणारे दहा असतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तोवर मला जास्त उपयोगी वाटतो तो हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांचा प्रयोग. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीतल्या गटांत त्यांनी प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी दिली. ई-मेल नाही, फोन नाही, सांभाळायचं ते बाकीच्यांनी. त्यासाठी गटाला आपसात बोलावं लागलं, कुणाचं काय अडलंय ते उघड सांगावं लागलं. काम बिघडलं नाही, माणसं कामावर जास्त खूश झाली.

बहिणीला हे सगळं मी त्या चार दिवसांत सांगितलं. आपल्या गटात तिनं विषय काढला, आणि चारच जण असूनही ठरायला दोन महिने गेले. आता त्यांची पाळी आहे, एका रात्री एकच जण जागा. पातळ्याही ठरल्यात: सर्व्हर बंद पडला तर थेट फोन करायचा, बाकी सगळं मेसेजवर, आणि मेसेज सकाळी नऊनंतरच बघायचा. लॅपटॉप मिटण्याआधी ती वहीत चार ओळी लिहिते.

तिची पाळी मंगळवारी असते. त्या रात्री फोन उशाशी, झोप उथळच लागत असणार. परवा बुधवारी रात्री दहाला मी सहज फोन लावला. तो फ्रिजवर ठेवलेला होता, बराच वेळ वाजला, शेवटी भाच्यानं स्टूल ओढून उचलला. "मावशी," तो कुजबुजला, "आई केव्हाच झोपली."