सांगली जिल्ह्याची घडण : संस्थानांच्या तुकड्यांतून दहा तालुके

आज दहा तालुक्यांचा म्हणून ओळखला जाणारा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांनी जो सातारा जिल्हा चालवला, त्यातील तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हा भाग नव्या जिल्ह्याकडे आला; उरलेला मुलूख संस्थानांचा होता. सांगली, मिरज व कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने, डफळ्यांचे जत आणि पंतप्रतिनिधींचे औंध यांचे प्रदेश एकमेकांत इतके गुंतलेले होते, की औंधची राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल हे त्या संस्थानाचे महाल, म्हणजे महसुली विभाग, आजच्या सांगलीत आहेत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तीही कुंडलजवळच्या औंध संस्थानाच्या जमिनीवर. जिल्ह्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले ते १९६० मध्ये.

संस्थाने विलीन झाली तरी तालुक्यांच्या हद्दी काही काळ जुन्याच वळणाने राहिल्या. १९६५ मध्ये आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे तालुके झाले, आणि पलूस व कडेगाव यांची भर तर अगदी अलीकडची. नाव एका गावाचे आणि कचेरी दुसऱ्या गावी, हा प्रकारही येथे आहे : खानापूर तालुक्याचे तहसील विट्याला आहे, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस कागदपत्रे घेऊन हमखास खानापूरला उतरतो. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या आल्यावर महसुली यंत्रणेच्या जोडीला निवडून आलेल्यांची यंत्रणा उभी राहिली.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ असून तिच्यातील जवळपास तीन चतुर्थांश लोक खेड्यांत राहतात. शहरी म्हणून जे दिसते त्यातील मोठा वाटा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा आहे. त्या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, सांगलीची मात्र सव्वानऊ टक्क्यांच्याच आसपास. केवळ जन्मदर घटल्याने हे घडले, असे मानणे मला पुरेसे वाटत नाही. खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या शहरांत गेली आहेत. जनगणनेत माणूस राहतो तेथे मोजला जातो, म्हणून गावच्या जत्रेला दारात गाड्या लागणारी घरे त्या आकड्यात बंद घरे ठरतात.

पूर्वेकडील जत तालुक्यात ही विषमता सर्वाधिक जाणवते. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे चौथा हिस्सा या एका तालुक्याने व्यापला आहे, लोकसंख्येत मात्र त्याचा वाटा आठव्या हिश्श्याहूनही कमी आहे. विरळ वस्ती, लांबलांब वाड्या, पाण्याची ओढ आणि सीमेलगतच्या गावांत घरोघरी बोलली जाणारी कन्नड यांमुळे साध्या दाखल्यासाठीही जतला जाणे तेथील माणसाला दिवसभराचे काम होऊन बसे. तालुक्याच्या विभाजनाची मागणी त्यातूनच वाढली. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी न पोहोचल्याची तक्रार याच गावांची, आणि २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाने जतच्या गावांवर पुन्हा हक्क सांगितला तेव्हा मूळ प्रश्न सीमेपेक्षा पाण्याचा असल्याचे तेथील ग्रामस्थ उघड सांगत होते. स्वतंत्र तालुका झाला नाही. तूर्त पूर्व भागासाठी संख येथे अप्पर तहसील कार्यालय सुरू झालेले आहे.