गेममधला पाऊस काचेवरून रस्त्यावर कसा उतरला

मार्च २०२४ मध्ये आयरेसिंग ह्या ऑनलाइन कार रेसिंगच्या गेममध्ये पाऊस आला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की एवढं काय त्यात, पाऊस तर कितीतरी गेम्समध्ये आधीपासून आहे. आहेच. पण त्यातला बराचसा पाऊस आभाळात आणि काचेवर होता, ट्रॅकवर पाणी म्हणून फारसा नव्हता, आणि हे नीट कळायला पार अमिगा नावाच्या जुन्या होम कॉम्प्युटरच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

गेम बनवणाऱ्या जेफ क्रॅमंडचा फॉर्म्युला वन ग्रां प्री, साल १९९१-९२. अमिगा ५०० वर चालायचा, म्हणजे प्रोसेसर जेमतेम ७ मेगाहर्ट्झचा, आणि तरी त्यात ओली रेस होती. पाऊस पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत एकसारखा, मध्ये थांबणं नाही की वाढणं नाही, पण कोरड्याचे टायर घेऊन निघालं तर गाडी हातात राहायची नाही, म्हणजे तो पाऊस नुसता चित्रातला नव्हता, ग्रिपमध्ये, म्हणजे टायरच्या रस्त्यावरच्या पकडीत होता. मला ही गोष्ट अजून फार मोठी वाटते. कारण १९९६ ला ग्रां प्री २ आला, दिसायला किती पटीने भारी, आणि त्यात पाऊसच नाही! तो परत यायला २००० साल उजाडलं, ग्रां प्री ३ मध्ये, आणि मग २००२ च्या ग्रां प्री ४ मध्ये सर थांबल्यावर गाड्या जिथून जातात तेवढी पट्टी आधी सुकायला लागली. ओल्या रेसमधला सगळा जीव ह्याच पट्टीत आहे.

का ते सांगतो. कोरड्या ट्रॅकवर रेसिंग लाइनवर, म्हणजे गाड्या सगळ्यात वेगाने जातात त्या वाटेवर, टायरचं रबर बसत जातं आणि तिथेच सगळ्यात जास्त ग्रिप मिळते. पाऊस पडला की तेच रबर, वर तेलाचा अंश, सगळं साबणासारखं होतं. जूनच्या पहिल्या सरीत स्कूटर चालवलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. म्हणून पावसात ड्रायव्हर नेहमीची लाइन सोडून वळणाच्या बाहेरच्या अंगाने जातात, जिथे डांबर अजून खरखरीत आहे. पाणी जास्त झालं की आणखी एक भानगड, टायरला ते वेळेत बाजूला सारता आलं नाही की गाडी पाण्यावर उचलली जाते आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं, त्यालाच अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. पिरेलीचा एफ-वनचा फुल वेट, म्हणजे भर पावसातला टायर ताशी ३०० किमीला सेकंदाला ८५ लिटर पाणी उपसतो, थोड्या ओलीतला इंटरमीडिएट ३०. म्हणजे गेमला खरा पाऊस दाखवायचा तर ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्यावर आत्ता पाणी किती आहे ह्याचा हिशेब सतत ठेवायला हवा, आणि जुन्या मशीन्सना तो झेपणारा नव्हता.

मग मधल्या काळात सोपे मार्ग निघाले. ग्रान टुरिस्मो ३ मध्ये २००१ ला एक ट्रॅक कायमचा ओला होता, स्पेशल स्टेज रूट ५ वेट, कोरडा हवा तर तो वेगळा निवडायचा. कोडमास्टर्सने एफ-वन २०१० मध्ये बदलतं हवामान आणि सुकणारी लाइन दोन्ही आणलं, कन्सोलवाल्या कितीतरी लोकांनी ड्राय लाइन म्हणजे काय ते तिथेच पहिल्यांदा पाहिलं असणार. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ड्राइव्हक्लबला पावसाचा अपडेट आला आणि त्या काचेवरचे थेंब आजही बघत बसावेसे वाटतात, वळणात गाडी झुकली की थेंब बाजूला सरकतात, वायपर फिरला की ओघळ. गेम आर्केडकडे, म्हणजे खरेपणापेक्षा मजेकडे झुकणारा, पण दिसण्याच्या बाबतीत सगळ्यांना मापदंड घालून दिला. पुढच्या वर्षी फोर्झा मोटरस्पोर्ट ६ ने डबकी आणली, चाक त्यात गेलं की गाडी खरोखर खेचली जायची, फक्त डबकी ठरलेल्या जागीच, रेसभर तेवढीच.

हिशेबाचं काम मुख्यतः पीसीच्या सिम्समध्ये, म्हणजे खऱ्या ड्रायव्हिंगची नक्कल करणाऱ्या गेम्समध्ये झालं. आरफॅक्टर २ ची रियल रोड सिस्टीम रबर आणि ओल ट्रॅकवर जागोजाग मोजायची, प्रोजेक्ट कार्स २ ने २०१७ ला सखल जागी पाणी साचवून दाखवलं. आणि २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, मी तास न् तास खेळलोय तो, निर्णयाची मजा दिली. त्यात आत्ता, १० मिनिटांनी आणि ३० मिनिटांनी पाऊस कसा असेल ते दिसतं, ट्रॅकची अवस्था ग्रीसी (निसरडी), डॅम्प (दमट), वेट (ओली) अशी बदलत जाते, आणि त्यातल्या जीटी३ वर्गाच्या गाड्यांना इंटरमीडिएट टायरच नाही, एकतर स्लिक, म्हणजे कोरड्याचा गुळगुळीत टायर, नाहीतर वेट. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर ७ किमीचा लॅप, भुरभुर सुरू झालीय, टायर बदलायच्या पिटची एन्ट्री आत्ता चुकली तर अख्खा लॅप स्लिकवर काढायचा, त्यात ओ रूजचं चढाचं वळण चढायचंय, हाताला घाम सुटतो.

आयरेसिंग २००८ पासून आहे, तरी पावसाला १६ वर्षं लागली. तिथे सगळं ऑनलाइन, एका रेसमध्ये कितीतरी माणसं, आणि एका वळणावर पाणी किती हे सगळ्यांच्या मशीनवर जुळलंच पाहिजे, नाहीतर रेस निष्पक्ष राहत नाही. त्यांचे ट्रॅक लेझरने स्कॅन केलेले, त्यामुळे बारीक उतार आणि खळगे आधीच नोंदलेले होते, टेम्पेस्ट नावाच्या सिस्टीमने पाणी त्याप्रमाणे साचवलं आणि गाड्यांच्या चाकांनी ते बाजूला सारायला लावलं. इतकी वर्षं एकच लाइन पाठ केलेले लोक पहिल्या ओल्या रेसमध्ये सवयीने तीच धरायचे आणि मोठ्या वळणावर सरळ गवतात, मग दोन-तीन लॅप कुणाच्या तरी मागे राहून बघायचे की हा बाहेरून का जातोय, आणि हळूच स्वतःही बाहेरून जायला लागायचे.